जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स : एका भयकादंबरीकाराचा वाचकवर्ग

मराठी कादंबरीच्या इतिहासात रेनॉल्ड्स हे नाव वारंवार येते. परंतु ते बहुधा एका वाक्यापुरतेच येते. हरि नारायण आपटे यांच्या पहिल्या कादंबरीचा आधार सांगताना, किंवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी शिकलेल्या तरुणांची वाचनाभिरुची किती सामान्य होती हे दाखविताना त्याचा उल्लेख होतो आणि विवेचन पुढे सरकते. ज्याच्यापासून मराठी कादंबरी दूर गेली असा एक लेखक, एवढीच त्याची ओळख राहिली आहे. तो कोण होता, त्याला इतका मोठा वाचकवर्ग कसा लाभला आणि तो पुढे का दुरावला, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले. शेवटच्या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते : वाचकांची अभिरुची सुधारली. रेनॉल्ड्सचे चरित्र तपशिलाने पाहिले असता हे उत्तर फारसे टिकत नाही.

जॉर्ज विल्यम मॅकआर्थर रेनॉल्ड्सचा जन्म २३ जुलै १८१४ रोजी केंट परगण्यातील सँडविच या गावी झाला. वडील सर जॉर्ज रेनॉल्ड्स हे आरमारात कॅप्टन होते. रेनॉल्ड्स लहान असतानाच ते वारले आणि मुलाचे पालकत्व डंकन मॅकआर्थर या आरमारी वैद्याकडे आले. नावातील मधला शब्द त्याच्याकडूनच आलेला. अ‍ॅशफर्डच्या शाळेत काही वर्षे काढल्यावर १८२८ मध्ये मुलाला सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात घालण्यात आले. घराण्याची परंपरा पाहता पुढचा मार्ग ठरलेला होता. परंतु १८३० मध्ये आईचे निधन झाले आणि त्याच वर्षी रेनॉल्ड्सने महाविद्यालय सोडले. पुढे आयुष्यभर तो लष्करातील फटक्यांच्या शिक्षेविरुद्ध, अधिकाऱ्यांच्या उर्मटपणाविरुद्ध आणि सरदारवर्गाविरुद्ध लिहीत राहिला. ज्या वर्गावर त्याने शस्त्र धरले त्या वर्गाच्या उंबरठ्यावर तो स्वतः वाढला होता, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी त्याच्याविरुद्ध वापरली. त्याच्या कादंबऱ्यांतील सरदारवाड्यांच्या वर्णनांना जी माहितीची धार आहे, तिचे मूळही तेथेच असावे.

हाती आलेला वारसा घेऊन हा तरुण फ्रान्सला गेला. १८३० च्या जुलै क्रांतीने तेथे राजा बदललेला होता आणि ह्यूगो, बाल्झाक, जॉर्ज साँ यांचे लेखन नव्याने वाचले जात होते. पॅरिसमध्ये त्याने पुस्तकांच्या व वृत्तपत्रांच्या व्यवसायात पैसा घातला आणि तो बुडविला. तेथेच १८३५ मध्ये सुझाना फ्रान्सेस पिअर्सन हिच्याशी त्याचा विवाह झाला. (सुझानाही लिहीत असे. 'ग्रेटना ग्रीन' ही तिची कादंबरी १८४८ मधली. गृहिणींसाठी घरगुती कृतींचे एक पुस्तकही तिच्या नावावर आहे. पतीच्या नियतकालिकांच्या उभारणीत तिचा वाटा किती होता याचा हिशोब कोणी मांडलेला नाही.) दिवाळे निघाल्यावर हे जोडपे लंडनला परतले. १८३९ मध्ये त्याने आधुनिक फ्रेंच साहित्यावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रेंच कादंबरी अनीतिमान आहे असे मानण्याची इंग्लंडात पद्धत होती. तिच्याविरुद्ध केलेला तो युक्तिवाद होता. पुढे लोकप्रिय झालेल्या या लेखकाने वाङ्मयसमीक्षेपासून आरंभ केला होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

पोटापाण्यासाठी मात्र त्याला दुसरा मार्ग धरावा लागला. 'मंथली मॅगझिन'चा संपादक असताना १८३७-३८ मध्ये त्याने 'पिकविक अ‍ॅब्रॉड' ही मालिका लिहिली. डिकन्सचा पिकविक उचलून त्याला फ्रान्समध्ये फिरवायचे, असा हा सरळ उद्योग होता. डिकन्सने त्याला कधी क्षमा केली नाही. पुढच्या चार-पाच वर्षांतील रेनॉल्ड्सचे लेखन विखुरलेले आहे. मद्यपानबंदीचा प्रचार करणारे एक साप्ताहिक त्याने चालविले, काही कादंबऱ्या लिहिल्या, पुन्हा कर्जात बुडाला. या काळातील लेखनावरून पुढील यशाचा अंदाज कोणी बांधला नसता.

१८४२-४३ मध्ये पॅरिसच्या एका दैनिकात एजेन स्यूची 'पॅरिसची रहस्ये' ही कादंबरी क्रमशः आली आणि युरोपभर गाजली. तिचा कित्ता समोर ठेवून रेनॉल्ड्सने ऑक्टोबर १८४४ मध्ये जॉर्ज व्हिकर्स या प्रकाशकाकडून 'द मिस्टरीज ऑफ लंडन' सुरू केली. दर आठवड्याला आठ पानांचा, दोन स्तंभांत बारीक टाइपात छापलेला अंक. पहिल्या पानावर लाकडी ठशाचे चित्र. किंमत एक पेनी. मध्यमवर्गीय कादंबरी तेव्हा तीन खंडांत दीड गिनीला मिळे, किंवा मासिक भागांत एका शिलिंगला. पेनी अंक घेणारा वाचक वेगळा होता. या मालिकेचे दर आठवड्याला चाळीस हजार अंक खपत, असे नेहमी सांगितले जाते. एक अंक अनेकांच्या हातांतून जाई आणि त्याहून अधिकांच्या कानांवर पडे, ही गोष्ट त्या आकड्यात येत नाही.

कादंबरीचा प्रारंभ जुलै १८३१ मधल्या एका रात्री स्मिथफील्डच्या जनावरांच्या बाजाराजवळ होतो. वादळात वाट चुकलेला एक तरुण — जो खरे तर पुरुषवेषातील स्त्री आहे — एका जुन्या पडक्या घरात शिरतो. घरात गुन्हेगार आहेत. जमिनीत चोरदार आहे. खाली फ्लीट नाल्याचे घाण पाणी वाहते आहे. भयकादंबरीच्या परिचित सामग्रीतील एकही वस्तू येथे कमी नाही. अ‍ॅन रॅडक्लिफच्या इटालियन किल्ल्यातील भुयार आणि चोरदार रेनॉल्ड्सने लंडनच्या गल्लीत आणून ठेवले. मात्र या स्थलांतराने त्या सामग्रीचा अर्थ पालटला. इटलीतील किल्ला वाचकाने पाहिलेला नसे. फ्लीट नाल्याची दुर्गंधी त्या अंकाच्या वाचकाच्या नाकात बसलेली होती. त्या भागातील जुनी घरे १८४४ च्या सुमारास पाडली जात असताना त्यांतील चोरवाटा पाहायला लोक गर्दी करीत.

या कादंबरीतील अँथनी टिडकिन्स हे पात्र विशेष विचारात घेण्याजोगे आहे. तो प्रेतचोर आहे. थडगी उकरून प्रेते शस्त्रवैद्यांना विकणे हा त्याचा धंदा, आणि पुरलेली प्रेते अपुरी पडली तर जिवंत माणसेही त्याला वर्ज्य नाहीत. १८२८ मध्ये एडिंबरोत बर्क आणि हेअर यांची प्रकरणे उघडकीस आली होती. १८३१ मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन भागातही तसेच खून झाले. त्यावर उपाय म्हणून १८३२ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. त्यान्वये वर्कहाउसमध्ये मेलेल्या आणि कोणी मागणी न केलेल्या गरिबांची प्रेते शरीरविच्छेदनासाठी देता येऊ लागली. प्रेतचोरांचा धंदा बसला. पण गरिबाचे भय संपले नाही. त्याला आता कायद्याचे रूप आले. १८३४ च्या गरीब-कायद्याने मदत मागणाऱ्याला वर्कहाउसचाच रस्ता दाखविला होता, आणि वर्कहाउसमध्ये मरण येणे म्हणजे सुरीखाली जाणे असे समीकरण श्रमिकांच्या मनात तयार झाले. टिडकिन्स पानावर आला की वाचकाच्या अंगावर जो काटा येई, त्यामागे हे सगळे होते. हे भय काल्पनिक म्हणता येत नाही.

रेनॉल्ड्सचे आणखी एक धाडस येथे नोंदविले पाहिजे. टिडकिन्सला तो आपला पूर्ववृत्तांत सांगू देतो. केंटच्या किनाऱ्यावर, वॉल्मरजवळ जन्मलेला हा माणूस. बाप चोरटा माल आणणारा. तो माल गावातील प्रतिष्ठित घेत असत. बाप पकडला जाताच त्याच प्रतिष्ठितांनी पाठ फिरविली, आणि मुलाने प्रामाणिकपणे जगण्याचा केलेला प्रत्येक प्रयत्न हाणून पाडला गेला. राक्षसाला आत्मकथन करण्याचा अधिकार दिल्याने कादंबरीतील भय दुहेरी होते : वाचक त्याला भितो, आणि त्याला असे बनविणाऱ्यांवर चिडतोही. वॉल्मरचा तो किनारा रेनॉल्ड्सच्या बालपणाचा परिसर होता. मध्येच कथानक थांबवून सरदार, धर्मगुरू, व्यापारी आणि मजूर यांच्या उत्पन्नांची तुलना मांडण्यासही तो कचरत नाही. कलादृष्ट्या हा दोष आहे, यात शंका नाही. वाचकांनी तो दोष मानल्याचे मात्र दिसत नाही.

१८४६ च्या नोव्हेंबरात त्याने 'रेनॉल्ड्स मिसेलनी' हे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि पहिल्या अंकापासून 'वॅग्नर द वेअरवुल्फ' सुरू केली. ब्लॅक फॉरेस्टमधील एकाकी म्हातारा फाउस्टची सेवा करण्याच्या बदल्यात तारुण्य मिळवितो आणि दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सूर्यास्ताला लांडगा होतो, अशी ही सोळाव्या शतकातील कथा आहे. तिच्या आधी 'फाउस्ट' आणि काही वर्षांनी 'द नेक्रोमॅन्सर' याही कादंबऱ्या त्याने लिहिल्या. तिन्हींत सैतानाशी करार आहे. भयसाहित्याचे इतिहासकार रेनॉल्ड्सची आठवण ठेवतात ती प्रामुख्याने या तीन पुस्तकांसाठी. परंतु त्याच्या समकालीन वाचकाला लांडग्याइतकाच, किंबहुना अधिक रस लंडनच्या गल्ल्यांत होता.

व्हिकर्सशी बिनसल्यावर १८४८ मध्ये जॉन डिक्स या प्रकाशकाच्या साहाय्याने त्याने 'द मिस्टरीज ऑफ द कोर्ट ऑफ लंडन' ही नवी मालिका सुरू केली. ती १८५६ पर्यंत चालली. येथे भयाचे केंद्र गल्लीतून राजवाड्यात गेले. चौथा जॉर्ज युवराज असतानाचे त्याचे विलास हा या मालिकेचा विषय. दोन्ही मालिका मिळून बारा वर्षे, जवळजवळ खंड न पडता, दर आठवड्याला रेनॉल्ड्सने अंक भरला. याच काळात इतर कादंबऱ्याही चालू होत्या. या वेगाचा परिणाम शैलीवर झाला हे उघड आहे. संवाद लांबतात, उद्गारचिन्हांचा सुळसुळाट होतो, नायिका मूर्च्छित पडण्याचे प्रसंग मोजण्यापलीकडे जातात.

१८४८ हे वर्ष त्याच्या चरित्रात मध्यवर्ती आहे. ६ मार्च रोजी ट्रफाल्गर चौकात आयकराविरुद्ध सभा बोलाविण्यात आली होती. सरकारने ती बेकायदा ठरविल्यावर संयोजक आलाच नाही. जमलेल्या लोकांनी रेनॉल्ड्सला अध्यक्ष केले आणि त्याने नुकत्याच स्थापन झालेल्या फ्रेंच प्रजासत्ताकाच्या गौरवाचे भाषण केले. सभेनंतर जमाव त्याच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत गेला व तेथील सज्जातून त्याला पुन्हा बोलावे लागले. त्यानंतर तो चार्टिस्ट चळवळीच्या पुढाऱ्यांत गणला जाऊ लागला. अनेक चार्टिस्टांना त्याचा संशय वाटे. आपल्या अंकांचा खप वाढविण्यासाठी हा गृहस्थ चळवळीत शिरला, असे ते म्हणत. या आरोपाचा पूर्ण निकाल लावणे कठीण आहे. तो त्याच वर्षी पुन्हा एकदा दिवाळखोर ठरला होता, हेही खरे. परंतु ५ मे १८५० रोजी सुरू केलेले 'रेनॉल्ड्स वीकली न्यूजपेपर' चळवळ ओसरल्यावरही त्याच बाजूने लिहीत राहिले. १८५७ च्या उठावाच्या वेळी इंग्लंडातील बहुतेक वृत्तपत्रे सूडाची भाषा बोलत असताना या पत्राने कंपनी सरकारच्या कारभारावर कठोर टीका केली. केवळ खपाचा विचार करणाऱ्याने ही भूमिका घेतली नसती.

त्याचे वाचक कोण होते याचे सर्वांत जिवंत चित्र हेन्री मेह्यूने लंडनच्या श्रमिकांविषयी केलेल्या पाहणीत सापडते. फळे-भाजी विकणाऱ्या फेरीवाल्यांत ज्याला बऱ्यापैकी वाचता येई तो संध्याकाळी चौकात बसून मोठ्याने वाची आणि इतर भोवती जमत. चित्रात काय चालले आहे हे ऐकण्याची त्यांना विशेष उत्सुकता असे. या श्रोत्यांना राजदरबाराच्या रहस्यांची ओढ होती. एडवर्ड लॉइड या प्रकाशकाच्या रक्तबंबाळ कथांचा आता कंटाळा आला आहे, असे त्यांच्यातील एकाने मेह्यूला सांगितले. ही नोंद महत्त्वाची आहे. 'व्हार्नी द व्हँपायर'सारख्या कथा लॉइडने याच वाचकासाठी छापल्या होत्या. निरक्षर मानल्या गेलेल्या वाचकालाही कंटाळा येतो, तो एका भयकथेकडून दुसरीकडे जातो आणि जाण्याची कारणे त्याला सांगता येतात. केवळ रक्त पुरे होत नव्हते. त्या रक्ताचा जाब कोणाला तरी विचारला जावा, अशी त्याची अपेक्षा होती. ती रेनॉल्ड्सने पुरी केली.

प्रतिष्ठित लेखकांनी अर्थातच त्याला जवळ केले नाही. १८५० मध्ये 'हाउसहोल्ड वर्ड्स' काढताना डिकन्सने, नाव न घेता, हीन वासना चाळवणाऱ्या नियतकालिकांचा धिक्कार केला. रोख कोणाकडे आहे हे सर्वांना कळले. रेनॉल्ड्सच्या लेखनात कामुकतेची फोडणी आहे हे नाकारता येणार नाही. परंतु १८५२-५३ मधील 'द सोल्जर्स वाइफ'मध्ये फटक्यांच्या शिक्षेचे वर्णन करताना, किंवा शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या कादंबरीत एका पोशाखाची मजुरी हातोहात कशी झिरपत जाते हे दाखविताना त्याने जे केले, ते डिकन्सच्या तुलनेत अकुशल असेल, लबाडीचे नाही.

१८५८ मध्ये सुझाना वारली. १८६० च्या सुमारास रेनॉल्ड्सने कादंबरीलेखन जवळजवळ थांबविले. आपल्या ग्रंथांचे हक्क त्याने डिक्सच्या स्वाधीन केले आणि वृत्तपत्राकडे लक्ष दिले. 'मिसेलनी' १८६९ मध्ये बंद झाले. कर्जाने गांजलेला माणूस आता सुस्थितीत होता. लंडनमधील एका चर्चचा वॉर्डनही झाला होता. १९ जून १८७९ रोजी त्याचे निधन झाले. पुस्तकव्यवसायाच्या एका पत्राने मृत्युलेखात त्याला आपल्या काळचा सर्वांत लोकप्रिय लेखक म्हटले आणि वाचकसंख्येत डिकन्सच्याही पुढे बसविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्लंडमध्ये त्याचे नाव कादंबरीकार म्हणून उच्चारले जाईनासे झाले.

हे का झाले? लेखकाने लेखणी खाली ठेवली हे एक कारण झाले, पण डिक्सच्या स्वस्त आवृत्त्या बाजारात होत्याच. खरी कारणे वाचकाच्या भोवती शोधावी लागतात. स्मिथफील्डचा जनावरांचा बाजार १८५५ मध्ये हलविण्यात आला. फ्लीट नाल्यावर रस्ता झाला. १८५८ च्या उन्हाळ्यातील दुर्गंधीनंतर बॅझलजेटने लंडनखाली गटारांचे जाळे बांधले. ज्या चोरदारातून रेनॉल्ड्सची नायिका कोसळली होती त्याच्याखाली वाहणारे पाणी आता कोणाला दिसत नव्हते. १८५५ मध्ये वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर आणि १८६१ मध्ये कागदावरील कर रद्द झाल्याने एका पेनीत रोजचे वृत्तपत्र मिळू लागले. खून, खटले आणि सरदारांची लफडी त्यात ताजी छापून येत. रेनॉल्ड्सच्या कादंबरीशी त्याच्या स्वतःच्याच वृत्तपत्राने स्पर्धा केली म्हणावे लागते. १८६७ च्या कायद्याने शहरांतील अनेक श्रमिकांना मताधिकार मिळाला. विलासी युवराजाविषयीचा १८४८ मधला क्रोध १८७० नंतरच्या तरुणाला आजोबांच्या गोष्टीसारखा वाटू लागला असल्यास नवल नाही.

दरम्यान भयकथाही स्थलांतरित झाली होती. विल्की कॉलिन्सची 'द वूमन इन व्हाइट' १८५९-६० मध्ये आली, मेरी एलिझाबेथ ब्रॅडनची 'लेडी ऑड्लीज सीक्रेट' १८६२ मध्ये. या कादंबऱ्यांतील भय नीटनेटक्या मध्यमवर्गीय घरात राहते. तेथे गुन्हेगार ही घरची मालकीण असू शकते. पेनी अंक टिकले, पण त्यांचा ग्राहक बदलला : १८६६ मध्ये निघालेल्या 'बॉइज ऑफ इंग्लंड'सारख्या पत्रांनी ते मुलांच्या हाती दिले. चौकात बसून ऐकणारा प्रौढ फेरीवाला या दोन्हींच्या मधून निसटला. रेनॉल्ड्सच्या वाचकाची अभिरुची उंचावली असे म्हणण्यापेक्षा, त्या वाचकाचे भय आणि त्या भयाचे पत्ते बदलले असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

हिंदुस्थानात मात्र याच सुमारास त्याची दुसरी कारकीर्द सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील येथील ग्रंथालयांच्या याद्यांचा अभ्यास प्रिया जोशी यांनी केला असून तो २००२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. इंग्लंडातील समीक्षकांनी उपेक्षिलेला रेनॉल्ड्स हिंदी वाचकांनी किती आवडीने वाचला हे त्यातून स्पष्ट होते. अनुवाद अनेक भाषांत झाले. आपल्या विद्यार्थिदशेत रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची कशी धूम होती हे प्रेमचंदांनी नमूद केले आहे. विश्वविद्यालयाने नेमलेल्या पुस्तकांत शेक्सपिअर आणि मिल्टन, खोलीवर रेनॉल्ड्स. राज्यकर्त्यांच्या राजघराण्यातील दुर्वर्तनाच्या कथा पराधीन देशातील तरुणाला कोणत्या भावनेने वाचाव्याशा वाटल्या असतील, याचे अनुमान करणे अवघड नाही. परंतु स्मिथफील्ड, वर्कहाउस, प्रेतविच्छेदनाचा कायदा या गोष्टी त्याच्या अनुभवातल्या नव्हत्या. जे लंडनच्या फेरीवाल्याला शेजारचे वाटे ते पुण्याच्या विद्यार्थ्याला अद्भुत वाटले. पुस्तक तेच राहिले, प्रकार मात्र बदलला : सामाजिक भयकादंबरीची येथे अद्भुतरम्य कादंबरी झाली. मराठी वाचकाला 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांची सवय असल्याने हा बदल सहज पचला असावा.

हरिभाऊंची 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणे वैभव'मधून येऊ लागली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. तिचा आधार रेनॉल्ड्सची 'द डेज ऑफ हॉगार्थ, ऑर द मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन' ही कादंबरी होय, हे सर्वज्ञात आहे. ही निवड बारकाईने पाहिली पाहिजे. रेनॉल्ड्सच्या ग्रंथसंभारात लांडगा होता, सैतान होता, युवराजाचे शयनगृह होते. हरिभाऊंनी यांतले काही घेतले नाही. हॉगार्थ हा अठराव्या शतकातील चित्रकार. नगरातील तरुण पायरीपायरीने कसा घसरतो हे त्याने चित्रमालिकांतून दाखविले होते आणि रेनॉल्ड्सने त्या चित्रांवरून कथा रचली होती. जुने सुटले आहे आणि नवे पचलेले नाही अशा पुण्यातील नवशिक्षितांचे चित्र काढण्यासाठी तरुण हरिभाऊंना तो सांगाडा उपयोगी पडला. इंग्रजी रहस्यकथेत सामाजिक कादंबरी दडलेली आहे हे ओळखणारा पहिला मराठी वाचक म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर 'मधली स्थिती' हे केवळ उमेदवारीतील अनुकरण राहत नाही.

१८९० मध्ये 'करमणूक' सुरू झाले आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो!' येऊ लागली. यमुनेच्या केशवपनाचा प्रसंग ज्यांनी वाचला आहे त्यांना भय या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. तेथे भुयार नाही, चोरदार नाही; घर ओळखीचे आहे आणि माणसेही घरचीच आहेत. टिडकिन्सच्या घरातील कोणत्याही दृश्यापेक्षा हे दृश्य अधिक भयंकर आहे, कारण वाचकाच्या घरात ते घडले होते किंवा घडणार होते. लंडनच्या फेरीवाल्याला रेनॉल्ड्स जसा वाटे तसा मराठी वाचकाला आता हरिभाऊंचा लेखनविषय वाटू लागला. येथील सुशिक्षित वाचक रेनॉल्ड्सपासून दूर जाऊ लागला तो या टप्प्यावर. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ च्या 'कादंबरी' या निबंधात ह्यूगो, झोला, टॉल्स्टॉय यांच्या उंचीची मोजपट्टी मराठी कादंबरीला लावली. तीत रेनॉल्ड्सला स्थान असण्याचे कारणच नव्हते.

तरीही एक वाचकवर्ग उरला होता. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कथांना मराठी वेष चढविला, आणि त्यांच्या कादंबऱ्या पुढील कित्येक दशके वाचनालयांतून जीर्ण होईपर्यंत फिरत राहिल्या. दातारशास्त्र्यांच्या वाचकाला मूळ लेखकाचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. 'कालिकामूर्ती' किंवा 'इंद्रभुवनगुहा' हातात घेणारा वाचक दातारांचाच वाचक होता. मराठीत रेनॉल्ड्सविषयीची आवड संपली ती अशा प्रकारे, दोन वाटांनी : एका वाटेने वाचक गेला, दुसऱ्या वाटेने लेखकाचे नाव.

इंग्लंडमध्ये माँटेग्यू समर्सने १९४० मध्ये भयकादंबऱ्यांची सूची केली तीत रेनॉल्ड्सची पुस्तके नोंदविली. १९७५ मध्ये अमेरिकेत 'वॅग्नर'चे पुनर्मुद्रण झाले आणि १९९६ मध्ये 'मिस्टरीज ऑफ लंडन'ची संक्षिप्त आवृत्ती निघाली. २००८ मध्ये त्याच्या कादंबऱ्या, राजकारण आणि वृत्तपत्रे यांवरील लेखांचा एक संग्रह अभ्यासकांनी प्रसिद्ध केला. त्याचे साप्ताहिक मात्र त्याच्या मृत्यूनंतरही अखंड चालू होते. हात बदलत बदलत ते सहकारी चळवळीच्या मालकीचे झाले आणि 'रेनॉल्ड्स न्यूज' या नावाने रविवारी श्रमिकांच्या घरी जात राहिले. १९६२ मध्ये त्याचे नाव 'संडे सिटिझन' करण्यात आले, आणि १९६७ मध्ये ते बंद पडले.